ध्रुव लीगची हजेरी

ध्रुव हॉकी लीगच्या आयुक्तांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. हॉकीची काठी त्यांनी एकदाच हातात धरली होती, तीही दुकानात, आणि दुकानदाराने "बांधू का?" असं विचारताच ती घाईघाईने जागच्या जागी ठेवली होती. तरीही बर्फावरच्या हॉकीबद्दल त्यांच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती, कारण लीगमधल्या बाकीच्यांनीही बर्फ फ्रीजमध्येच पाहिला होता.

दिवसभर आयुक्त दातांच्या कवळ्या बनवायचे. घराच्या तळमजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. डेंटिस्ट मापं पाठवायचे, हे मेणात एकेक दात बसवायचे, मग घासणं, पॉलिश, डबीत घालून परत पाठवणं. संध्याकाळी हातावरचं प्लास्टर धुतलं की कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि कवळीवाल्याचा आयुक्त व्हायचा. बायको या बदलाला अंगात येणं म्हणायची.

लीग अशी की तिच्यात खेळत कोणीच नसे. प्रत्येक सभासदाने मनाने एक खेळाडू तयार करायचा, त्याला नाव, उंची, स्वभाव द्यायचा. मग लीगच्या फोरमवर त्याच्याबद्दल लेख लिहायचे, त्याचे गुण मिळवायचे आणि ते गुण खेळाडूच्या वेगावर, नेमावर, दमावर खर्च करायचे. संध्याकाळी आयुक्तांनी बटण दाबलं की प्रोग्राम आकडेमोड करून सगळे सामने उरकून टाकायचा. कोण जिंकलं, कोण हरलं, कोणाचा दात पडला, सगळं हातात. त्यानंतर खरा खेळ सुरू व्हायचा, म्हणजे भांडण. खेळाडू म्हातारा झाला की त्याच्या मालकाने निरोपाचं भाषण लिहायचं आणि खेळाडूचा नंबर फोरमवर कायमचा टांगायचा, ही लीगची जुनी पद्धत. ही भाषणं वाचून मोठी माणसं रडलेली आहेत. आयुक्त त्यांपैकी एक.

पण गेल्या काही वर्षांत लीगला ओहोटी लागली होती. सभासदांना मुलं झाली, बढत्या मिळाल्या, काहींना म्हणे आयुष्य सापडलं. एका हंगामात तर 'गोठलेले गरुड' संघाला गोलरक्षकच उरला नाही. मोकळ्या जाळ्यासमोर सामने होणार म्हटल्यावर आयुक्तांनी तात्पुरती सोय म्हणून एक डमी खातं उघडलं. नाव ठेवलं 'निवृत्त नर्स'. तात्पुरत्या सोयीला यंदा चार वर्षं झाली.

हा गुन्हा होता. लीगचा एकच कडक नियम होता आणि तो खुद्द आयुक्तांनी लिहिलेला: एका माणसाचं एकच खातं राहील, जादा सापडली तर बंद होतील. या नियमाखाली त्यांनी आजवर कित्येकांची खाती स्वतःच्या हाताने बंद केली होती, वर नीतिमत्तेवर चार ओळीही सुनावल्या होत्या. नर्सबाईंनी प्रत्येक वेळी खाली 'आयुक्तांशी सहमत' असं लिहिलं होतं.

नर्सबाईंना एक मित्र मिळाला. 'मास्तर'. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पहिल्यांदा खाजगी निरोप पाठवला तो गोलरक्षकाच्या डाव्या गुडघ्याबद्दल. ताई, तिथे जरा जास्त गुण घाला, सगळे गोल तिकडूनच होतात. नर्सबाईंनी लिहिलं, गुडघा माझाही डावाच दुखतो. दुखत होता आयुक्तांचा, पण नर्सबाईंना गुडघा असायला नियमाची आडकाठी नव्हती. तिथून गप्पा सुरू झाल्या त्या थांबल्याच नाहीत. मास्तर सांगायचे आपल्या मेहुण्याबद्दल. मेहुणा तोंडाचा फटकळ, मुलीशी बिनसलेलं. मुलगी घर सोडून गेली आणि तिची एका कानाची मांजर तेवढी मागे राहिली. मेहुणा रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. नर्सबाईंनी सल्ला दिला होता की त्याला म्हणावं, माफी वगैरे राहू दे, मांजराबद्दल बोलायला फोन कर.

आणि नर्सबाई सांगायच्या आपल्या भावाबद्दल. भाऊ कवळ्या करतो. हल्ली त्याला दातांच्या शेड ओळखू येत नाहीत. पिवळसर आणि करडा यांत गोंधळ होतो. मागच्या महिन्यात एका बाईंना वरचे दात एका रंगाचे आणि खालचे दुसऱ्याच रंगाचे गेले. डेंटिस्टने हसण्यावारी नेलं, पण भावाला घाम फुटला. डोळे गेले तर हातात काय राहणार? आधीच निम्मी कामं मशीनवर जायला लागली आहेत. तो डॉक्टरकडे जात नाही, कारण डॉक्टर काहीतरी सांगेल. हे सगळं आयुक्तांनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. बायकोलाही नाही.

लीगमध्ये आयुक्तांना एक शत्रूही होता. 'बुलडोझर', 'लोखंडी कोल्हे' संघाचा मालक. कोल्हे हरले की तो लिहायचा, आयुक्तांनी बटण वाकडं दाबलं. कोल्हे जिंकले की लिहायचा, आयुक्तांच्या नाकावर टिच्चून जिंकलो. आयुक्त त्याला दर हंगामात एकदा तरी निलंबित करत. तो याच शहरात, नदीपलीकडे राहतो असं कळल्यापासून त्यांनी नदीपलीकडच्या डेंटिस्टांची कामं घेणंसुद्धा सोडून दिलं होतं.

तर अशा लीगच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. प्रोग्राम आणि फोरम, दोन्ही फक्त त्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचे, आणि तो कॉम्प्युटर आता मिक्सरसारखा आवाज करू लागला होता. प्रोग्राम लिहिणारा माणूस मेलला उत्तर देत नव्हता. तेवढ्यात एका मोठ्या, सुस्थितीतल्या लीगने हात पुढे केला. तुमचे संघ, जुने निकाल, टांगलेले नंबर, फोरमवरचं सगळं लिखाण आणि खाजगी निरोपसुद्धा आम्ही आमच्याकडे घेतो, असं त्यांनी कळवलं. अट एकच. रविवारी दुपारी व्हिडिओवर हजेरी होईल आणि किमान पंधरा सभासदांनी चेहरा दाखवायचा. कागदी लीगा आम्ही घेत नाही.

ध्रुव लीगचे सभासद तेवीस. आयुक्तांनी मनातल्या मनात एक वजा केला आणि बावीस राहिले म्हणून निःश्वास टाकला. मग फोरमवर कोण येणार विचारलं तर होकार आले बरोबर पंधरा, नर्सबाई धरून. त्या नाहीत तर लीग नाही. आणि लीग नाही तर, आज ना उद्या तो मिक्सर बंद पडला की, मास्तर नाहीत. मास्तरांचा पत्ता नाही, फोन नाही, खरं नावही ठाऊक नाही. हॉकीशिवाय जगता येईल असं आयुक्तांना एखाद्या कमकुवत क्षणी वाटून जायचं. मास्तरांशिवायचं त्यांना वाटेना.

त्यांनी बायकोपुढे विषय काढला आणि नर्सबाईंचा भाऊ म्हणजे आपणच, हेही सांगितलं. बायको मोटार ड्रायव्हिंग शिकवायची. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि घरातही तिचा पाय ब्रेकवरून फारसा उठत नसे. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी तुमची बहीण व्हायचं?"

"एका दुपारपुरतं," आयुक्त म्हणाले.

ती हो म्हणाली, पण तयारीशिवाय गाडीत बसायची तिची पद्धत नव्हती. मोठ्या लीगवाले प्रश्न विचारणार, तर मला या बाईंबद्दल सगळं माहीत हवं, म्हणून तिने नर्सबाईंच्या खात्यातला चार वर्षांचा सगळा पत्रव्यवहार मागितला. आयुक्त घाबरले ते तिला खेळाडूंची नावं पाठ होतील की नाही या काळजीने. बाकी त्यांत काय काय लिहिलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बायको दोन दिवस वाचत बसली. मधेमधे मान वर करून त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा वाचायची. आयुक्तांना वाटलं, गोलरक्षकाचे आकडे तिला जड जातायत.

रविवार उजाडला. आयुक्त वर्कशॉपमध्ये, बायको वरच्या खोलीत चष्मा लावून. हजेरी घ्यायला मोठ्या लीगची कार्यवाह आली होती, तरुण, अत्यंत सभ्य मुलगी. स्क्रीनवर एकेक खिडकी उघडत गेली आणि आयुक्तांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं ज्यांना नुसतं वाचलं ती माणसं समोर बसली होती.

पहिली गडबड शिट्टीने केली. एकाच घरात दोन यंत्रं बोलू लागली की कर्कश शिट्टी वाजते, हे आयुक्तांना माहीत असल्याने त्यांनी स्वतःचा आवाज बंद ठेवला होता. तरी शिट्टी वाजली. एकदा नाही, ठिकठिकाणांहून वाजली. कार्यवाहने विनयाने सगळ्यांना आवाज बंद करायला सांगितलं आणि एकेकाला बोलायला लावलं.

सलूनवाला सभासद मोठ्या आरशासमोर बसला होता. पुढच्या खिडकीतल्या सभासदाच्या गळ्याभोवती पांढरं कापड होतं आणि मागे आरसा. त्याच्या पुढच्याच्या गळ्याभोवतीही कापड, मागे आरसा, आणि अर्ध्या गालाला फेस. तुमचा खेळाडू कोण म्हटल्यावर तो म्हणाला, मला फक्त दाढी करायची होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या सभासदाच्या पाठीमागे भिंतीवर ओल होती, बेडकाच्या आकाराची. तो बेडूक आणखी तीन खिडक्यांत होता, कधी बायकोच्या डोक्यामागे, कधी सासऱ्याच्या. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी निदान पडदे तरी बदलले होते, पण चारही खिडक्यांमागून एकच प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता.

आयुक्त स्क्रीनच्या आणखी जवळ सरकले. त्यांना वाटलं होतं की आपण एकटेच पापी.

नर्सबाईंचं काम मात्र चोख झालं. बायकोने गोलरक्षकाचं नाव, नंबर, डावा गुडघा, सगळं धडाधडा सांगितलं. मग तिला कोणी न विचारताच म्हणाली, "माझा एक भाऊ आहे. कवळ्या करतो. त्याचे डोळे बिघडलेत आणि तो घरात कोणाला सांगत नाही." कार्यवाहने हे हॉकीशी कसं जोडायचं ते न कळून आभार मानले. वर्कशॉपमध्ये आयुक्त खुर्चीत थिजून गेले.

ते सावरतायत तोवर बुलडोझरची पाळी आली. चौकड्यांचा शर्ट, जाड मिशा, अपेक्षेपेक्षा थकलेला चेहरा. त्याच्या मांडीवर पिवळी मांजर होती आणि तिला एकच कान होता. तो बोलत असताना ती कंटाळून उठली आणि खिडकीच्या डाव्या कडेने बाहेर गेली. त्यानंतर पाळी मास्तरांची. खिडकीत एक पेंगुळलेले म्हातारे गृहस्थ बसले होते, बहुधा शेजारून आणलेले. कार्यवाहने त्यांना त्यांचा संघ विचारला. ते विचार करत असताना उजव्या कडेने एका कानाची पिवळी मांजर आत आली आणि त्यांच्या मांडीवर चढली.

"अरे, हिला न्या कोणीतरी," म्हातारे म्हणाले.

चौकड्यांच्या बाहीतला एक हात पुढे आला आणि मांजर उचलून घेऊन गेला. बुलडोझरच्या खिडकीत तोपर्यंत रिकामी खुर्ची दिसत होती.

कार्यवाहने सगळ्या खिडक्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाली, "चेहरे पंधरा झाले. पण मला घरं पाचच दिसतायत." तिने क्षमा मागितली, शुभेच्छा दिल्या आणि ती निघून गेली. तिच्यामागे खिडक्या पटापट मिटल्या. शेवटी दोनच उरल्या, आयुक्तांची आणि बुलडोझरची. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चार वर्षं मेहुण्याला दिलेले सल्ले आयुक्तांना एकामागून एक आठवत होते, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्यालाही भावाला दिलेले आठवत असावेत. मग दोन्ही खिडक्या मिटल्या.

आयुक्तांना रडू येत होतं, आणि ते कशाचं हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. लीग गेली म्हणून, की मास्तर म्हणून कोणी नव्हतंच म्हणून, की होते ते बुलडोझर होते म्हणून. बायको जिना उतरून खाली आली आणि स्टुलावर बसली.

"नसलेल्या बहिणीला सांगता," ती म्हणाली, "आणि असलेल्या बायकोला सांगायला काय झालं होतं?"

आयुक्तांनी पॉलिशचं फडकं हातात घेतलं, घडी केली, उलगडली. म्हणाले, तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं. बायको आतल्या आत चिडलेली होती आणि त्याहून जास्त घाबरलेली होती, आणि दोन्ही एकदम दाखवायची तिला सवय नव्हती. आपण उद्याच डॉक्टरकडे जाऊ, ती म्हणाली. आयुक्त म्हणाले, आधी लीगचं आवरतो.

आवरायचं म्हणजे नियम लावायचा. ते जादा खाती बंद करायला बसले. सलूनमधली गेली, बेडकाखालची गेली, कुकरवाली गेली, हजेरीला न आलेली आठही त्याच तीन घरांची निघाली, आणि प्रत्येक घराला एकेक खातं राहिलं. कोणी तक्रार केली नाही. प्रश्न उरला चार खात्यांचा. आयुक्त आणि नर्सबाई, बुलडोझर आणि मास्तर. नर्सबाईंच्या खात्यावर बोट ठेवून ते बसून राहिले. ती बंद झाली की उरणार आयुक्त आणि बुलडोझर, म्हणजे वाकडं बटण आणि निलंबन, मिक्सर बंद पडेपर्यंत.

बायकोने त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनवर नजर टाकली. नियम पुन्हा एकदा वाचला. शिकाऊ माणूस उगीच पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत असला की ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात म्हणाली, "एकच ठेवायचं एवढंच लिहिलंय. कोणतं ते कुठे लिहिलंय?"

त्या संध्याकाळी फोरमवर आयुक्तांच्या निरोपाचं भाषण लागलं. त्यांनी ते स्वतःच लिहिलं होतं आणि कौतुकात काटकसर केली नव्हती. त्याखाली पहिलं उत्तर बुलडोझरचं आलं. आयुक्त मला कधीच आवडले नाहीत, त्याने लिहिलं होतं, माणूस हटवादी, बटण वाकडं, तरी निरोप घेताना बरं वाटत नाही. पुढच्या ओळीत त्याने स्वतःच्या निवृत्तीची घोषणा केली. दोघांचे नंबर शेजारी शेजारी टांगले गेले. बाकी तिघांनी काय केलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याच्या जागी 'कर्नलसाहेब' लिहीत होते आणि लिफ्टवाल्याच्या जागी 'समुद्रकन्या'. लीगमध्ये पाच सभासद उरले. त्यांत खरा एकही नव्हता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भांडणही नव्हतं.

नर्सबाईंना मास्तरांचा निरोप यायला चार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत आयुक्तांनी, आता माजी आयुक्तांनी, तीन वेळा 'मास्तर, मी' एवढं लिहून खोडलं होतं.

'ताई,' मास्तरांनी लिहिलं होतं, 'मेहुण्याने मुलीला फोन केला. मांजराबद्दलच बोलला. पुढच्या महिन्यात ती मांजर बघायला येतेय. तुमच्या भावाच्या डोळ्यांचं काय झालं?'

'गेला नाही अजून,' त्यांनी लिहिलं. 'बायको रोज म्हणते. आज जातो, उद्या जातो करतो. घाबरलाय, मास्तर.'

उत्तर लगेच आलं. 'मेहुणा म्हणतो, मी सोबत येतो. नदी ओलांडून यायची तयारी आहे. फक्त हॉकीवर बोलायचं नाही.'

शनिवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर तिघं बसले होते. मधे कवळीवाले, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला चौकड्यांच्या शर्टातला गृहस्थ. डोळ्यांत औषध घातल्यामुळे कवळीवाल्यांना समोरची भिंतही धूसर दिसत होती. तपासणीला नाव पुकारलं तसे ते उठले, आणि नेमका डाव्या गुडघ्याने दगा दिला. बायकोने हात पुढे करेपर्यंत शेजारच्या गृहस्थाने त्यांचा दंड धरला होता.

"जपून, ताई," तो म्हणाला, आणि ओशाळून जमिनीकडे बघू लागला.

दारातल्या सिस्टरने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. आत एकालाच सोबत येता येईल, ती म्हणाली. या मिसेस दिसतायत, पण हे तुमचे कोण?

कवळीवाल्यांनी त्या धूसर, मिशाळ चेहऱ्याकडे पाहिलं. "माझ्या बहिणीच्या ओळखीचे," ते म्हणाले.

सिस्टरने खात्री करायला बायकोकडे पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिला सासरी एकही नणंद नव्हती.

"हो," ती म्हणाली, "त्यांची फार जुनी ओळख आहे. यांनाच आत घेऊन जा." आणि दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाकावर बसली.